मांडव तुमचा, कोट माझा

नयनाचा फोन आला तेव्हा मी डाळीला फोडणी देत होते. "मॅडम, बाबा गेले," ती म्हणाली. कधी गेले, काकींजवळ कोण आहे, एवढं विचारून मी फोन ठेवला आणि राहिलेली फोडणी दिली. रडू आलं नाही, अजूनही आलेलं नाही. तशी मी रडकी बाई आहे. मालिकेत कुणाची पाठवणी दाखवली तरी माझा पदर डोळ्यांना जातो. पण दामू मास्तरांच्या बाबतीत आतलं काहीतरी आधीच बधिर होऊन गेलं होतं, ते जायच्या कितीतरी आधी.

मी मूळची माणगावकडची. थळच्या अलीकडे, मोठा रस्ता सोडून आत गेलं की खाडीला लागून एक गाव आहे, तिथल्या हायस्कुलात माझी बदली झाली. गावाचं नाव लिहीत नाही. ते गाव रागावलं की काय करतं, ते मी पाहिलेलं आहे. खोली भाड्यानं हवी म्हणून मी मास्तरांच्या ओटीवर गेले, तेव्हा त्यांनी मला पायांपासून वरपर्यंत पाहून घेतलं. नजर वाईट नव्हती, शिंप्याची असते तशी होती.

"बाय, साडीचा फॉल सुटलाय," ते म्हणाले.

"बदलीच्या गडबडीत राहिला शिवायचा."

"शिवून घ्या. उद्या वर्गात पोरी तोच बगतील. तुमी काय शिकवलाव ते कोन बगतंय!"

खोली मिळाली. फॉल मास्तरांच्या बायकोनं, काकींनी शिवून दिला.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत, बँडमास्तर. वडील मिठागरात काम करणारे. मास्तर चौथीनंतर शाळेत गेले नाहीत, पण कॉर्नेट, ती फुंकायची पितळी तुतारी, अशी वाजवायचे की वरातीतली घोडीसुद्धा चाल धरायची, असं गाव सांगायचं. त्यांच्या बाहेरच्या खोलीत, जिथं इतरांकडे आजोबा-पणजोबांचे फोटो असतात, तिथं खुंटीला मरून रंगाचा कोट टांगलेला असे. खांद्यावर सोनेरी गोंडे, पुढं पितळी बटणं. लग्नसराईत रोज संध्याकाळी ते ओटीवर बसून चिंचेनं बटणं घासायचे. आधी कोटाची, मग कॉर्नेटची पाळी. काकी म्हणायच्या, "माज्या म्हायेरच्या तांब्याला कवा हात न्हाय लावला यांनी."

बँडमधल्या सगळ्यांना तोच कोट, पांढरी पँट, पांढरे बूट आणि टोपी. मे महिन्यात आमच्या किनाऱ्यावर अंगातला सदरासुद्धा नको होतो, पण मास्तरांच्या माणसानं गळ्याचं बटण सोडलेलं मी पाहिलं नाही. तरणी मुलं कुरकुरायची. मोबाईलवरचे गाणारे बघून त्यांना फाटकी जीन्स नि गॉगल हवा असायचा. क्लॅरिनेट वाजवणारा एकजण तर केस पिवळेधमक करून आला. आता मास्तर याला हाकलणार म्हणून सगळे वाट बघत बसले. मास्तरांनी त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, जरा दाबली आणि म्हणाले, "टोपीखाली काय हाय तो त्याचा मामला. टोपीखालचा तोंड माजा." पोरगा नंतर गल्फला जाईपर्यंत त्यांच्याकडेच होता.

आगरी हळदीची एक रीत बाहेरच्यांना माहीत नसते. घरचे सगळे, आज्जीपासून तान्ह्या पोरापर्यंत, हळदीला एका रंगात. साड्या एका ठाणातल्या, शर्ट एका ताग्यातले. ज्याची जेवढी ऐपत, तेवढी माणसं त्या रंगात. काशिनाथशेठ हे गावकीचे पहिले पंच, ट्रकांचा धंदा, त्यांच्या मोठ्या मुलाची हळद होती. रंग ठरला फिरोजी. शेठनी बँडसाठीही फिरोजी कुडते शिवून घेतले आणि हळदीच्या दिवशी गठ्ठा मास्तरांच्या ओटीवर पाठवला. मास्तर गठ्ठा काखोटीला मारून स्वतः परत द्यायला गेले. मी शाळेतून येत होते, तमाशा बघायला थांबले.

"मास्तर, फोटोत मरून रंग येगला पडंल. घालाना कुडते!" शेठ म्हणाले.

"शेठ, नवरा तुमचा, मांडव तुमचा. कोट माजा."

"पैसं आमीच देतावना?"

"वाजवायचं देताव. नेसायचं न्हाय."

शेठ हसले. तेव्हा ते हसायचे. घरात शुभकार्य होतं, शिवाय मास्तरांशिवाय वरातीला शोभा नव्हती. बँड मरून कोटातच वाजला. पण शेठच्या मंडळींनी त्या हळदीचे फोटो कापून फ्रेम केले, बँड येणार नाही अशा बेतानं, हे मी पुढं त्यांच्या घरी हळदीकुंकवाला गेले तेव्हा पाहिलं.

आमच्या हेडमास्तरांना वाटलं, शिस्तीचा असा भक्त शाळेला दुसरा मिळायचा नाही. 'गणवेश हवा की नको' या विषयावर आम्ही मुलांचा वादविवाद ठेवला आणि मास्तरांना पाहुणे म्हणून बोलावलं. ते कोट घालून आले. मुलं दोन्ही बाजूंनी तावातावानं बोलली, टाळ्या घेतल्या. मग मास्तर उठले.

"माजा बापूस मिठागरातून लंगोटीवर लग्नाला जायाचा," ते म्हणाले. "त्याला मांडवाच्या मागं पत्रावल मिलायची. मी हा कोट शिवला तवा मना पयल्यांदा मांडवात खुर्ची मिलली. मानूस तोच. म्हनून मी कोट सोडत न्हाय." हेडमास्तरांनी टाळ्या सुरू केल्या, तर मास्तर खाली बसेनात. पहिल्या रांगेतल्या मुलींकडे बघत म्हणाले, "पोरींच्या गनवेशाला खिसा का न्हाय? माज्या कोटाला चार हायत."

मुली असल्या खिदळल्या की सभा आटोपती घ्यावी लागली. खिसे आजतागायत नाहीत.

आता काकींबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यापाशी येऊन थांबतं. काकी धवलारीण होत्या. आगरी लग्नात प्रत्येक विधीला धवले म्हणतात, देवांना बोलावण्यापासून नवरीला सासरी धाडण्यापर्यंतची गाणी, आणि ती सगळी तोंडपाठ असणारी बाई म्हणजे धवलारीण. भटजी उशिरा आला तरी चालतं, धवलारणीशिवाय पान हलत नाही. एरवी काकी मान खाली घालून वावरणारी, चार शब्दांत संसार उरकणारी बाई. पण मांडवात त्या सांगतील तसं सगळ्यांनी उठायचं-बसायचं. काशिनाथशेठसुद्धा. मी त्यांना एकदा म्हटलं, "काकी, तुमचा आवाज केवढा मोठा आहे!" त्या म्हणाल्या, "तो माजा न्हाय, तो लग्नाचा."

नयना या दोघांची एकुलती एक. अलिबागला कॉलेजात जायची आणि बसमध्ये खिडकीपाशी गात बसायची, एवढंच आम्हाला माहीत होतं. एका पावसाळ्यात मास्तरांच्या तोंडावरून वारं गेलं. डावी बाजू लोंबली. पेज ओठाच्या कोपऱ्यातून गळायची, तिथं कॉर्नेट कुठली धरणार? जीव वाचला म्हणून सगळे नवस फेडत होते. ते मात्र आरशासमोर उभं राहून फुंकर मारून बघायचे आणि हवा भलतीकडून निघून जायची. त्या लग्नसराईच्या सुपाऱ्या आधीच घेतलेल्या होत्या. बँडपुढं माईक घेऊन नयना उभी राहिली. बापाची चाल, आईचे शब्द आणि स्वतःची खट्याळ लकब. तिनं बापाचा जुना कोट कमरेपर्यंत कापून घेतला, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, खाली जीन्स. कुणीतरी मोबाईलवर ते गाणं टाकलं आणि उरणपासून मुरुडपर्यंत पोरीचं नाव झालं.

कोट कापला हे मास्तरांना ठाऊक नव्हतं. पहिल्या हळदीहून ती तशीच घरी आली तेव्हा आम्ही सगळे ओटीवर होतो. काकींनी पदर तोंडाला लावला. मास्तरांनी तिला जवळ बोलावलं, कापलेली कड बोटांनी चाचपली, एक बटण धरून हलवलं.

"ह्यो सैल हाय," ते म्हणाले. तोंडातून शब्द अर्धे बाहेर पडायचे, म्हणून पुन्हा म्हणाले, "सैल हाय. पडंल."

मग सुईदोरा मागून घेऊन, कोट तिच्या अंगावर असतानाच, त्यांनी ते बटण पक्कं केलं. मला तेव्हा फार सुख झालं होतं. आता त्या सुखाची आठवण आहे, सुख नाही.

माझ्या नववीतल्या मुली आता स्नेहसंमेलनाला मरून जाकिटं मागू लागल्या. बाह्या दुमडलेल्या, बटणं पितळी. "नयनाताईसारखं" हे एकच पालुपद. शिक्षकांच्या खोलीत दोन तट पडले. एक तट म्हणे, गाणारीच्या नादानं मुली बिघडतील. मी म्हणे, ती पदवीपर्यंत शिकली आहे, बापाचा बँड पोसते आहे, बिघडायला तिला वेळ कुठंय? एक बाई म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्याकडं भाड्यानं राहता, तुम्ही असंच बोलणार."

शाळेतलं भांडण शाळेत राहिलं असतं, पण गावकी बसली. हळदीचा खर्च, दारू, डीजे यांवर नियम करायचे होते. ते चांगलेच होते. त्यांच्या शेपटाला एक बांधला: मांडवात गाणारीनं साडीच नेसायची, यजमान सांगतील त्या रंगाची, गावच्या पोरींनी जाकीट-पँट घालून हळदीत यायचं नाही. बायका सभेत बसत नाहीत. देवळाचा सभामंडप शाळेला लागूनच, त्यामुळे शाळेच्या व्हरांड्यातून आम्हाला सगळं ऐकू येत होतं. काशिनाथशेठनी नियम वाचला आणि म्हणाले, "मास्तर, तुमी तर जल्मभर ड्रेसकोड पालला. पयला हात तुमीच वर करा."

मास्तर उठले. बोलले ते कुणाला कळलं नाही. पोरं हसली. "काय बोल्लाव?" शेठनी विचारलं. मास्तरांनी एका हातानं लोंबता गाल वर धरला आणि पुन्हा बोलले.

"जो वाजवतंय त्यानी ठरवायचा. जो ऐकतंय त्यानी न्हाय."

"म्हंजी गावकीचा नियम तुमाला मान्य न्हाय?"

"न्हाय."

शेठनी फिरोजी कुडत्यांचा गठ्ठा मनात जपून ठेवला होता, हे मला तेव्हा कळलं. देवापुढं नारळ ठेवून माफी मागा म्हणाले. मास्तरांनी नकाराची मान हलवली आणि चपला घालून घरी आले. त्या दिवसापासून घर वाळीत पडलं.

वाळीत म्हणजे भांडण नव्हे. भांडण बरं, त्यात माणूस तुमच्याकडे बघतो तरी. इथं कुणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही. दुकानदार काकींच्या डोक्यावरून पलीकडच्याशी बोलायचा. गिरणीत डबा तसाच पडून राहायचा. बँडमधली माणसं एकेक करून कोट आणून ओटीवर ठेवून गेली, घड्या घालून, नीट. त्यांनाही गावात राहायचं होतं. मला कुणी अडवलं नाही, कारण मी नोकरीवाली, परगावची, गावकीत नसलेली. किराणा आणि दळण मी आणायचे. मी म्हटलं, याला कायदा आहे, पोलिसांत जाऊ. काकी म्हणाल्या, "पोलीस येतील नि जातील. पानी मना इथंच भरायचाय."

नयना पनवेलला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहू लागली. तिची गाणी बाहेरगावी जोरात होती. दर आठवड्याला यायची नि बापाशी वाद घालायची.

"बाबा, साडीच नेसायची आहे ना? इतर कार्यक्रमांत मी नेसतेच की. काय फरक पडतो यार!"

"नेसायची तर नेस. मी कवा अडवला? त्यांनी सांगतलाय म्हनून नको."

"पण आईचं काय?"

यावर मास्तर काकींकडे बघायचे आणि खाली मान घालून बटण घासायला लागायचे. काकींना आता कुणी लग्नाला बोलवत नव्हतं. त्यानंतर गावात झालेल्या पहिल्या लग्नाला लांबच्या गावची धवलारीण आणली. स्पीकरवरून तिचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात येत होता. काकी तांदूळ निवडत होत्या. त्या बाईनं मधलंच एक कडवं गाळलं. काकींचे हात थांबले, ओठ हलले, गाळलेलं कडवं त्यांनी आवाजाशिवाय पुरं केलं आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. पुढच्या लग्नाला ओठही हलले नाहीत. मग त्या बोलायच्याच कमी झाल्या. भूक आहे का विचारलं तरी "हाय" म्हणायच्या, आणि ताट तसंच. दोघं ओटीवर दोन टोकांना बसायची. मास्तर चिंचेनं बटणं घासत, कुणी न घालणाऱ्या कोटांची. मलाही हळूहळू सवय झाली. वाईट वाटायचं थांबलं. घरात शिरले की अंगाला मुंग्या येऊन गेल्यासारखं व्हायचं, हात आपला आहे पण लागत नाही, तसं.

कोंडी फुटली ती भलत्याच बाजूनं. काशिनाथशेठच्या मुलीचं लग्न ठरलं आणि तिनं हट्ट धरला, हळदीला गाणार तर नयनाच. साऱ्या मैत्रिणींना सांगून बसली होती. शेठ पंच असले तरी बाप होते. त्यांनी नयनाला पनवेलला निरोप धाडला: नारळ तू ठेवलास तरी चालेल, बापानं यायची गरज नाही, आणि धवलारीण म्हणून आईलाच बोलावू.

नयनानं नारळ ठेवला. साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन, पंचांच्या पाया पडून. तिथून ती घरी आली. काकी दारातच होत्या. तिनं सांगितलं तसं त्यांनी लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि कितीतरी महिन्यांनी रडल्या. मास्तर आत खाटेवर बसले होते. नयना त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता हे ओरडतील. ओरडावं असं मला मनापासून वाटत होतं.

"रंग कोनता सांगतलाय?" त्यांनी विचारलं.

"हिरवा."

मग गाल वर धरून, स्पष्ट कळेल असं म्हणाले, "हिरवा तुना बरा दिसतं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. आतून कुणीतरी सामान हलवून नेलेल्या खोलीत बोलावं, तसा तो आवाज होता. मी माझ्या खोलीत गेले आणि उगाचच वह्या तपासत बसले.

हळद शेठच्या अंगणात होती. अख्खं अंगण हिरवं. दुकानदार, गिरणीवाला, बँडमधली माणसं, सगळे मास्तरांशी बोलायला येत होते, जणू काल रात्रीच भेटले होते. "काय मास्तर, तब्येत कशी?" मास्तर मान हलवायचे. शेठनी त्यांना पुढच्या रांगेत, स्टेजसमोर खुर्ची दिली. ते पांढऱ्या सदऱ्यात आले होते. मी स्टेजच्या कडेच्या आडव्या रांगेत, जरा तिरपी बसले होते, म्हणून मला त्यांचा चेहरा दिसत होता.

मांडवात काकींनी पहिला धवला उचलला आणि सगळं अंगण गप्प झालं. त्यांचा आवाज तसाच होता, मोठा, लग्नाचा. बायका त्यांच्या मागून म्हणू लागल्या. ज्या बायकांनी नळावर त्यांच्याकडे पाठ केली होती, त्याच. काकींच्या तोंडावर जे होतं, त्यासाठी नयनानं नारळ ठेवला होता. तिनं चूक केली असं मी कधीच म्हणणार नाही.

मग दिवे मोठे झाले आणि नयना स्टेजवर आली. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, केसांत गजरा, घरच्या इतर चाळीसएक बायकांसारखीच. शेठच्या मुलीनं शिट्टी मारली. वाद्यं सुरू झाली. नयनानं बापाकडं बघून मान लववली आणि तोंड उघडलं.

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. तोंडावरून वारं गेल्यापासून त्यांचा डावा डोळा पुरता मिटत नसे. उजवा मिटला, डावा उघडाच राहिला, स्टेजवरच्या हिरव्या साडीकडे बघत. त्यांनी डावा हात उचलला आणि त्या डोळ्यावर तळवा दाबून धरला. उजव्या हाताची तीन बोटं मांडीवर वरखाली होत होती, कॉर्नेटच्या कळांवर व्हायची तशी, एकही सूर न चुकता. गाणं संपेपर्यंत ते तसेच बसले. शेजारच्यानं मला विचारलं, "म्हातारा झोपला काय?" मी हो म्हणाले.